स्थावराची रहदारी

'स्टोरेज ट्रॅफिक' हा जोडशब्द उच्चारायला सोपा, पण जरा थांबून पाहिले तर आतून भांडणारा आहे. स्टोरेज म्हणजे जे ठेवलेले आहे, ट्रॅफिक म्हणजे जे चाललेले आहे. ठेवलेले चालते कसे? ऐरोली, महापे, हिंजवडी इथे नेटवर्कची रात्रपाळी करणाऱ्या आमच्या नांदेड-लातूरच्या मुलांना हा प्रश्न पडत नाही, आणि पडू नये हेच बरे. रात्री दोन वाजता लिंक पडल्यावर व्युत्पत्ती कामाला येत नाही. "बी फॅब्रिकवर लॉगिनच होईना गेलंय," असे ते फोनवर सांगतात. त्या वाक्यात 'होईना गेलंय' एवढे अस्सल मराठवाड्याचे, बाकी सगळे विलायती. निदान वरून तसे दिसते. थोडे खरवडले की निराळेच निघते.

'स्टोर' पासून सुरुवात करू. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या 'इन्स्टाउरारे' वरून. त्याचा अर्थ उभारणे, नव्याने उभे करणे. बॅकअप घेऊन ठेवलेला डेटा परत आणतात त्याला 'रिस्टोर' म्हणतात, त्यात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. या क्रियापदाच्या तळाशी जो धातू आहे तो संस्कृत 'स्था' चाच भाऊ असावा. आता आपला 'साठा' घ्या. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत तो 'सांठा' असा अनुस्वार मिरवतो. तो अनुस्वार शोभेचा नव्हता. 'सं' या उपसर्गाची ती उरलेली खूण दिसते. सं अधिक स्था, प्राकृतात संठ, पुढे सांठणे, साठवणे. म्हणजे भुसार मालाचा साठा आणि आमच्याकडच्या शिक्षणसंस्था एकाच घरातल्या म्हणायच्या. आणि 'साठा' व 'स्टोरेज' हे एकमेकांचे भाषांतर नसून फार जुने चुलतभाऊ ठरतात. दोघांच्याही पोटात एकच कल्पना: उभे असणे, हलू नये असे असणे.

त्याच 'स्था' पासून स्थावर. कचेरीच्या कागदावर मालमत्तेचे दोनच वर्ग असतात, स्थावर आणि जंगम. जंगम हा 'गम्' धातूच्या पौनःपुन्यदर्शक रूपातून आलेला, म्हणजे पुन्हा पुन्हा जाणारा, थांबायचे नाव न घेणारा. ही जोडी आमच्या भागात केवळ कचेरीची नाही. निलंगा-उदगीरच्या पलीकडे बसवकल्याण. तिथल्या बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, स्थावर आणि जंगम या दोन शब्दांभोवती आपला सगळा विचार गुंफला, आणि 'जंगम' हे नाव गुरुवर्गाला कायमचे चिकटले. त्या अंगाने पाहिले तर 'स्टोरेज ट्रॅफिक' म्हणजे स्थावराचे जंगम होणे. हे ऐकून कुणी हसेल, पण लातूरकराने हसू नये. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आले तेव्हा पाण्याचा साठाच रुळांवरून चालत आला होता. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोकांनी तिला जलदूत म्हटले. 'वाघीण' शब्दावर क्षणभर रेंगाळायला हरकत नाही. 'वॅगन' कानाला परका, म्हणून मराठीने तिला जंगलातली केली. पण वॅगन मुळात 'वह्' धातूची, 'वाहन' या शब्दाची युरोपातली बहीण. म्हणजे वाहन युरोप फिरून आले आणि इथे उतरताना वाघीण झाले.

आता 'ट्रॅफिक'. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ट्रॅफिक म्हणजे व्यापार, देवघेव. गाड्यांची ये-जा हा अर्थ फार नंतरचा. शब्द इटालियन 'त्राफिको' वरून आला, त्यापुढे वाट धूसर आहे. अरबी 'तफ़रीक' म्हणजे वाटणी, विभागणी. तिथून तो भूमध्य समुद्रातल्या बंदरांत शिरला असावा असा एक तर्क आहे. तर्क खरा असेल तर मौज आहे, कारण तफ़रीक ज्या धातूतून निघाला त्यातूनच आपला 'फरक' आणि 'फिरका' निघाला. मग ट्रॅफिक आणि फरक भाऊ-भाऊ. स्विचवर दोन तऱ्हांच्या ट्रॅफिकमध्ये फरक करण्यासाठी इथरनेटच्या चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, तीन बिटे राखून ठेवली आहेत. शून्य ते सात असे आठ दर्जे त्यातून होतात, आणि साठ्याच्या वाहतुकीला वहिवाटीने तीन क्रमांकाचा दर्जा मिळतो. तफ़रीकच ती.

मराठीतला जोडीचा शब्द 'रहदारी'. हाही सरळ नाही. फारसी 'राह' म्हणजे वाट, 'दार' म्हणजे धरणारा. राहदार म्हणजे वाट राखणारा, चौकीवरचा माणूस. आणि राहदारी म्हणजे त्याच्या हातावर ठेवायचा कर, किंवा तो भरल्याचा दाखला. मोगली अमलात आणि मराठी कागदपत्रांत हा शब्द जकातीच्या शेजारी बसलेला असतो. पुढे चौक्या गेल्या, कर गेला आणि वाटेवरची वर्दळ तेवढी शब्दात उरली. पाहा, ट्रॅफिक व्यापाराकडून वर्दळीकडे सरकला, रहदारी करवसुलीकडून वर्दळीकडे सरकली. दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते.

एकदा ही सरक लक्षात आली की ती जिथे तिथे दिसू लागते. स्विचच्या ज्या पोर्टवरून अनेक व्हीलॅन (आभासी जाळी) एकत्र जातात त्याला ट्रंक पोर्ट म्हणतात. आणि आमच्या पिढीत ट्रंक म्हणजे पलंगाखालची पत्र्याची पेटी. वसतिगृहात जाताना नावगाव रंगवून घ्यायची ती. दोन्ही ट्रंका एकच. लॅटिन 'त्रुंकुस' म्हणजे झाडाचे खोड. खोड पोखरून पेटी करीत, म्हणून पेटी ट्रंक. आणि खोडाला फांद्या फुटतात, म्हणून मुख्य रस्ता ट्रंक, ट्रंक कॉल, ट्रंक लाइन. एकाच ओंडक्यातून ठेवण्याची पेटीही निघाली आणि जाण्याची वाटही. 'मॅगझिन' ची कथा तशीच. अरबी 'ख़ज़न' म्हणजे साठवणे, त्यावरून 'मख़ज़न' म्हणजे कोठार. ते इटलीत मगाझीनो झाले, फ्रान्समध्ये मागाझँ म्हणजे दुकान झाले, इंग्रजीत दारूगोळ्याचे कोठार आणि बंदुकीतला गोळ्यांचा कप्पा. १७३१ मध्ये लंडनच्या 'द जंटलमन्स मॅगझिन' ने ते नाव नियतकालिकाला लावले, तेही माहितीचे कोठार या अर्थाने. कोठार दर महिन्याला टपालाने घरोघर जाऊ लागले. त्याच धातूचा आपला 'खजिना' मात्र जागचा हलला नाही. खजिनदार तेवढा बदलत राहिला.

आणि गंज. लातूरकरांनो, इथे जरा बसा.

गंजगोलाईतून आपण रोज जातो. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेले ते वर्तुळ, मध्ये अंबाबाईचे देऊळ, भोवती बाजारपेठ आणि वर्तुळाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. 'गोलाई' हे भाववाचक नाम, गोलपणा एवढाच त्याचा अर्थ. हिंदी-उर्दूच्या चालीने ते ठिकाणाचे नाव झाले. 'गंज' मात्र फार लांबून आला आहे. फारसीत गंज म्हणजे खजिना. त्याआधीचे इराणी रूप 'गंझ' असे असावे. तिथून तो शब्द ग्रीकमध्ये 'गाझा' झाला, हिब्रूत शिरला आणि तिथे 'गेनिझा' झाला, म्हणजे जीर्ण पोथ्या पुरून किंवा झाकून ठेवण्याची जागा. संस्कृतातही तो बेधडक वावरतो. मथुरेला शोडास क्षत्रपाच्या काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या एका शिलालेखात एक ब्राह्मण स्वतःला 'गंजवर' म्हणवतो. गंजवर म्हणजे खजिनदार, शब्द पक्का इराणी. कल्हणाच्या राजतरंगिणीतही गंज खजिन्याच्या अर्थाने येतो. म्हणजे मुसलमानी अमलाबरोबर आलेले फारसी शब्द अशी जी यादी आपण शाळेत पाठ केली तिच्या हजार वर्षे आधीच हा पाहुणा येऊन बसला होता.

खजिन्याचा बाजार कसा झाला? आधी मौल्यवान वस्तूंचा साठा, मग कुठल्याही वस्तूचा साठा, मग धान्याचा साठा, मग जिथे धान्य उतरते आणि विकले जाते ती पेठ. हैदराबादेत उस्मानगंज, महबूबगंज, औरंगाबादेत शहागंज, उत्तरेत तर पाऊल टाकाल तिथे गंज. साठ्याचे नाव चलनवलनाला मिळाले, आणि तेही सोळा वाटांनी. मराठीत मात्र या शब्दाने आणखी चाळे केले. कडब्याची गंजी रचतात, तिच्यात ढीग हा अर्थ राहिला. विदर्भात, आणि आमच्याकडेही काही घरांत, उभट पातेल्याला गंज म्हणतात. तो साठवणुकीच्याच अर्थाचा धाकटा अवतार असावा. पत्त्यांना गंजिफा म्हणत, सावंतवाडीला त्या अजून रंगवतात. त्यातला गंज हाच का, यावर विद्वानांत एकमत दिसत नाही. आणि लोखंडावर चढतो तो गंज? तो वेगळा. फारसीत तांबेऱ्याला 'झंग' म्हणतात, हिंदीत 'जंग'. मराठीने ज आणि ग यांची अदलाबदल केली असावी. लखनौचे नखलौ करणारी जीभ तिकडची, पण जंगचा गंज करणारी आपलीच. परिणाम असा की मराठीत खजिना आणि त्याला लागणारी कीड एकाच नावाने ओळखतात.

साठ्याच्या शब्दांत मला सर्वांत लाघवी वाटतो तो 'कोठा'. संस्कृत कोष्ठ, कोष्ठागार, त्यावरून कोठार. गोरखपूरजवळ सोहगौरा इथे मिळालेला मौर्यकाळचा ताम्रपट दोन कोठारांविषयी बोलतो आणि वर त्यांची चित्रेही देतो. शब्दाचे रूप 'कोठागल' च्या जवळचे आहे. पण कोष्ठ म्हणजे पोटही. म्हणून आजी विचारते, कोठा साफ झाला का? इथे साठवण आणि निचरा एकाच शब्दात नांदतात आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. वैद्यांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता असे म्हणायचे.

भाषेने साठा आणि वाट यांना कधी नीट वेगळे केले नाही. ते वेगळे केले संगणकवाल्यांनी, आणि तेही सगळीकडे टिकले नाही. कार्यालयाची ये-जा इथरनेटवरून आणि डिस्कांची ये-जा फायबर चॅनेलवरून, अशी दोन स्वतंत्र जाळी, दोन तऱ्हेचे स्विच, दोन तऱ्हेच्या तारा. मग २००७ मध्ये प्रस्ताव आला आणि २००९ मध्ये टी-११ समितीने एफसी-बीबी-५ या मानकात तो पक्का केला: फायबर चॅनेलची चौकट जशीच्या तशी इथरनेटच्या चौकटीत घालायची आणि एकाच तारेवरून न्यायची, म्हणजे 'फायबर चॅनेल ओव्हर इथरनेट', थोडक्यात एफसीओई. यातला प्रत्येक शब्द सोलण्याजोगा आहे.

इथरनेट हे नाव बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पार्क या संशोधनकेंद्रातल्या एका टिपणात वापरले. प्रकाश ज्यातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकात मानत त्या ईथरची त्यांना आठवण झाली. मायकेलसन आणि मोर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगाने त्या ईथरचे अस्तित्व डळमळीत केलेच होते. मेलेल्या कल्पनेचे नाव जिवंत तारेला दिले गेले. ग्रीक 'ऐथेर' म्हणजे वरचे, लखलखते आकाश. 'ऐथो' म्हणजे पेटणे, जळणे. आणि हा ऐथो संस्कृत 'इन्ध्' धातूचा सख्खा. त्याच धातूचे इंधन, त्याचीच समिधा. सरपण आणि इथरनेट एकाच चुलीतले आहेत. आकाश या अर्थापेक्षा जळण हा अर्थ जुना, हे सर्व्हरच्या खोलीत उभे राहणाऱ्याला निराळे सांगायला नको.

'फायबर' मध्ये एक गंमत आहे, आणि ती देवनागरीत दिसतच नाही. हे मानक आधी काचेच्या तंतूंसाठी होते. पुढे तांब्याच्या तारेलाही परवानगी मिळाली, तेव्हा नावातला फायबर खोटा पडू लागला. समितीने युक्ती काढली: अमेरिकी लेखनाऐवजी विलायती लेखन घ्यायचे, म्हणजे शेवटची दोन अक्षरे उलटी. लेखन बदलले की तो पदार्थ राहिला नाही, नुसते नाव झाले. आपल्या लिपीत मात्र उच्चार तोच, म्हणून अक्षरेही तीच. जो वाद एका जागतिक समितीने दोन अक्षरांच्या अदलाबदलीने मिटवला, तो मराठीला कधी कळलाच नाही. 'चॅनेल' लॅटिन 'कानालिस' वरून, आणि तो 'कान्ना' म्हणजे बोरू, वेत यावरून. आपला नळही नल या गवताच्या पोकळ काडीवरून आला. नाते नाही, पण दोन्हीकडे माणसाने बोरू पाहिला आणि त्यातून काहीतरी वाहील असे त्याला वाटले.

आणि 'फॅब्रिक'. लॅटिन 'फाब्रिका' म्हणजे कारागिराची कार्यशाळा, कारखाना. तिथे घडलेली वस्तू. मग घडलेले कापड. स्विचांच्या विणीला फॅब्रिक म्हणतात ते कापडावरून. आपण उलट्या दिशेने गेलो. 'तन्' म्हणजे ताणणे, त्यावरून तंतू, आणि 'तंत्र' म्हणजे मुळात माग, ताणा. वेदकाळातला विणकराचा माग पुढे कुठल्याही रचनेचे नाव झाला, मग शास्त्राचे, आणि आता तंत्रज्ञानाचे. तिकडे कारखान्याचे कापड झाले, इकडे मागाचे शास्त्र झाले. नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांच्या नातवंडांनी 'फॅब्रिक ए, फॅब्रिक बी' म्हणावे यात मला तरी काही तुटल्यासारखे वाटत नाही. तंत्रनिकेतन या शब्दात तर मिल केव्हाचीच बसलेली आहे.

आता प्रत्यक्ष स्विचवर काय लिहितात ते पाहू. आधी एक व्हीलॅन करायचा, समजा शंभर, आणि त्याला सांगायचे 'एफसीओई व्हीसॅन १००', म्हणजे त्याला डिस्कांच्या आभासी जाळ्याशी जोडायचे. मग एक आभासी पोर्ट जन्माला घालायचा, 'इंटरफेस व्हीएफसी ११'. त्याच्याखाली 'बाइंड इंटरफेस इथरनेट १/११'. शेवटी 'नो शटडाऊन', ज्याला पोरे 'नो शट मारला' म्हणतात. हा 'मारणे' अभ्यासण्याजोगा आहे. मराठीत फोन मारतात, चक्कर मारतात, सही मारतात आणि आता कमांडही मारतात. मारणाऱ्याच्या मनात हिंसा नसते, फक्त घाई असते. मग लॉगिनची नोंद पाहायला 'शो फ्लोजी डेटाबेस' मारायचा आणि सर्व्हरचे सोळा आकडी नाव तिथे उमटले का ते पाहायचे. या ओळींत 'व्हीएफसी' मधला 'व्ही' म्हणजे व्हर्च्युअल; लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष, त्यापासून 'विर्तुस' म्हणजे पुरुषार्थ, सामर्थ्य; आणि हा विर म्हणजे आपला 'वीर'. प्रत्यक्षात नाही पण सामर्थ्याने आहे, ते व्हर्च्युअल. 'बाइंड' तर उघड उघड 'बन्ध्'. आभासी पोर्ट खऱ्या पोर्टाला बांधला, म्हणजे वीराला खुंटीला बांधला.

या सगळ्याला एकत्रित नाव 'कन्फिगर करणे'. इथे मला खरोखर आनंद झाला. लॅटिन 'फिगुरा' म्हणजे आकार, 'फिंगेरे' म्हणजे माती थापून, मळून घडवणे. त्याचा संस्कृत भाऊ 'दिह्', लिंपणे, थापणे. त्यापासून 'देह', म्हणजे थापून घडवलेला. इंग्रजीत मळलेल्या कणकेला 'डो' म्हणतात, तोही याच घरातला. इराणात भोवती थापलेल्या भिंतीच्या बागेला जे नाव पडले त्यातून पॅराडाइज निघाले, आणि अरबीवाटे फिरदौस. आता 'कॉन' म्हणजे 'सह', एकत्र. संस्कृतात त्या जागी 'सम्' ठेवू. कॉन आणि सम् सख्खे नव्हेत, पण काम एकच करतात. सम् अधिक दिह्. काय झाले? संदेह. कन्फिगरेशनचा अचूक संस्कृत जोडीदार संदेह निघावा, यावर नेटवर्कमधल्या कुणाही माणसाला भाष्य करावे लागणार नाही. दोन वस्तू एकत्र थापल्या की कोणती कोणती ते कळेनासे होते, म्हणून संस्कृतात संदेह. एकत्र थापल्या की आकार येतो, म्हणून लॅटिनमध्ये कन्फिगुरारे.

तांत्रिक गाठ जिथे आहे तिथे शब्द आणखी बोलके होतात. फायबर चॅनेलमध्ये पाठवणारा आपणहून पाठवत नाही. घेणाऱ्याकडे किती जागा आहे तेवढे 'क्रेडिट' त्याला आधी मिळते. प्रत्येक चौकटीला एक क्रेडिट खर्च होते, समोरची जागा मोकळी झाली की परत मिळते. क्रेडिट लॅटिन 'क्रेदेरे' वरून, विश्वास ठेवणे. आणि क्रेदेरे संस्कृत 'श्रद्धा' शी अक्षर-अक्षर जुळते. श्रद्, म्हणजे बहुधा हृदय, आणि धा, म्हणजे ठेवणे. मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्यबाजारात, याला 'पत' म्हणतात. पत हा प्रत्ययाचा झिजलेला अवशेष असावा: प्रत्यय, पच्चय किंवा पत्तिय, पत. आणि पतीवर मिळते ती उधारी, जी 'उद्धार' या शब्दाची बहीण आहे. उधारी थकली की उद्धार होतो, तोही दोन्ही अर्थांनी.

इथरनेटला ही श्रद्धा ठाऊक नव्हती. जागा नसेल तर चौकट खाली टाकायची, पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवावी, हा त्याचा जुना रिवाज. मोंढ्यातला नेमका शब्द 'कडता'. पोत्यामागे माती-खडा-ओलावा म्हणून जे वजन कापतात तो कडता. शेतकऱ्याच्या घशात अडकणारा शब्द. कन्नडमध्ये 'कडि' म्हणजे कापणे, 'कडित' म्हणजे कपात. उदगीर-निलंग्याच्या बाजूने तो मराठीत आला असावा. इथरनेट थोडाफार कडता सोसते, डिस्कांची वाहतूक सोसत नाही. एकही पोते कमी चालत नाही. म्हणून इथरनेटला नवे वळण लावावे लागले: घेणारा भरत आला की त्याने फक्त त्या एका दर्जाला 'थांब' म्हणायचे, बाकीच्यांनी चालत राहायचे. एकाचा कारभार पतीवर, दुसऱ्याचा हाकेवर. मला स्वतःला पतीचा अधिक सभ्य वाटतो. पण तारा स्वस्त कोणाच्या, हा हिशेबही असतोच.

आणि ते पोते. फायबर चॅनेलची चौकट पूर्ण भरली तर २,१४८ बाइटांची होते. इथरनेटची नेहमीची चौकट दीड हजार बाइटांचा माल घेते. म्हणून या वर्गासाठी मोठी चौकट लागते, काही स्विचांवर २,१५८ हा आकडा तयारच असतो. थोडक्यात, बारदाना मोठा पाहिजे. 'बारदाना' फारसी. 'बार' म्हणजे ओझे, आणि तो आपला 'भार' च. 'दान' म्हणजे ठेवण्याचे पात्र, पानदान, अत्तरदाणीतले. आणि त्याचा संस्कृत भाऊ 'धान', जो राजधानीत आहे. भार ज्यात ठेवायचा तो बारदाना, राजा जिथे ठेवायचा ती राजधानी. पुढच्या वेळी आडतीवर रिकाम्या पोत्यांचा ढीग दिसला तर राजधानीला नमस्कार करायला हरकत नाही. पोते उचलणारा 'हमाल' अरबी, 'हम्ल' म्हणजे ओझे यावरून.

नांदेडच्या बाजूला येऊ. 'डेटा' ला मराठीत 'विदा' असा घडवलेला शब्द आहे. काहींनी तो मनापासून वापरला, पण हिंदीतला निरोपाचा विदा त्याच्या वाटेत उभा असतो. मुळात डेटा म्हणजे लॅटिनमध्ये 'दिलेले', दात-दत्त हेच ते. अक्षरशः दत्त. आणि दत्तशिखर आहे माहूरला, नांदेड जिल्ह्यात. डेटा सेंटरला दत्तस्थान म्हणावे असे मी सुचवत नाही, पण म्हटले तर व्युत्पत्तीचे पोलीस पकडणार नाहीत. खुद्द नांदेडचे नाव वाकाटकांच्या वाशीम ताम्रपटात 'नांदीकड' असे आहे, असे वासुदेव विष्णु मिराशी मानत, आणि तिथे त्याचा 'उत्तरमग्ग' सांगितला आहे. मग्ग म्हणजे मार्ग, पण अर्थ रस्ता नव्हे, प्रदेश, परगणा. इतके शब्द ठेवण्याकडून जाण्याकडे सरकले, हा एक जाण्याकडून ठेवण्याकडे आला. नियम सांगायला बसले की असा एखादा ताम्रपट समोर येतो.

जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्याला 'पेव' म्हणतात. कन्नडमध्ये 'हगेवु'. कन्नडमधला ह पुष्कळदा जुन्या प चा असतो, दूध पालु ते हालु झाले, फूल पूवु ते हूवु झाले. मग हगेवुचे जुने रूप पगेवु, आणि मधला ग गळून पेव? जुळते खरे, पण इतके सहज जुळले की मला उलट धाक वाटतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो, हे जुन्या घरांत पोराटोरांनाही ठाऊक असे. आज पेव कुणी पाहिलेले नाही, पण 'पेव फुटणे' रोज ऐकू येते: लातुरात क्लासेसचे पेव फुटले, नांदेडात अभ्यासिकांचे. साठ्याचा खड्डा गेला, लोंढा राहिला.

उरला 'मोंढा'. नांदेडचा जुना मोंढा, नवा मोंढा, परभणीचा मोंढा. आणि सिकंदराबादचे मोंडा मार्केट. म्हणजे शब्द जुन्या हैदराबाद संस्थानाच्या नकाशावर नीट बसतो, आणि पुण्या-मुंबईकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो. मंडप, मंडी, मंडई या ओळीत त्याला बसवायचा मोह होतो. पण मग ड चा ढ का झाला आणि अ चा ओ कुठून आला? हिंदीत मोंढा म्हणजे खांदा, मूर्धन् वरून. हमालाच्या खांद्यावरून बाजाराचे नाव पडले म्हणणे गोड आहे, पण ओढाताण वाटते. कदाचित तो दक्षिणेकडचाही असेल, कारण साठ्याचे शब्द तिकडूनही आले आहेत: तेलुगूत गुदामाला 'गिड्डंगि' म्हणतात, तमिळमध्ये 'किडंगु', मलायात 'गुदांग', आणि पोर्तुगीजांनी तो उचलून त्याचा गुदाम-गोडाऊन झाला, एवढे बरेच लोक मानतात. धर्माबाद, बिलोली, देगलूर इथल्या तेलुगू घरांत मोंढ्याला निराळे नाव आहे का, त्यात ढ आहे की ड, आणि खेड्यातला माणूस तो शब्द जागेसाठी वापरतो की सौद्याच्या दिवसासाठी, हे तिकडच्या वाचकांनी कान देऊन ऐकावे. शब्द दिवसाचा निघाला तर मंडपाचा दावा बाजूला ठेवावा लागेल.